व्हॉडव्हिलच्या कलाकारांचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉडव्हिल म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत साधारण १८८० ते १९३० अशी पन्नास वर्षं जोरात चाललेला रंगमंचीय करमणुकीचा प्रकार. एका तिकिटात आठ-नऊ आयटम. कसरतपटू, गायिका, नकलाकार, जादूगार, शिकवलेले कुत्रे, दोघांची विनोदी जोडी, छोटी नाटिका, नाच. कथानक नाही आणि एका आयटमचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. आपल्याकडच्या गॅदरिंगचा ढाचा डोळ्यांसमोर आणा. फक्त इथला प्रत्येक माणूस पोटासाठी उभा असायचा, आणि एकच आयटम वर्षानुवर्षं, गावोगाव फिरून करायचा. शब्द फ्रेंच आहे. त्याच्या व्युत्पत्तीवर वाद आहेत, त्यात आपण शिरायला नको.

याआधी असे खेळ दारूच्या गुत्त्यांत चालत आणि प्रेक्षक बहुतेक पुरुषच असत. न्यूयॉर्कच्या टोनी पास्टरनं २४ ऑक्टोबर १८८१ रोजी चौदाव्या रस्त्यावर थिएटर उघडलं आणि ठरवलं की इथे बायकामुलांनाही घेऊन येता आलं पाहिजे. बायकांनी यावं म्हणून त्यानं कोळसा, पीठ, कपड्याचे तागे अशी बक्षिसं वाटली. पुढे बोस्टनच्या बी. एफ. कीथनं आणि त्याचा भागीदार एडवर्ड आल्बी यानं याच कल्पनेवर थिएटरांची साखळी उभारली. अश्लील शब्दाला तिथे सक्त मनाई असे. शब्द काढायची सूचना निळ्या पाकिटातून यायची, असं कलाकार सांगत.

आयटम किती वेळाचा असायचा? तोच तोच करून कंटाळा यायचा नाही का?

दहा-बारा मिनिटांचा, फार तर वीस. या विषयात मला सगळ्यात जास्त याच गोष्टीनं धरून ठेवलं आहे. या माणसांची आयुष्यभराची मिळकत म्हणजे ती बारा मिनिटं. घर नाही, जमीन नाही. एक ट्रंक आणि बारा मिनिटं.

ती घडायला वर्षं लागत. एखादं वाक्य डेट्रॉइटमध्ये हशा घेई आणि बफलोत पडे, मग पुढच्या गावी त्याची जागा बदलायची, एक शब्द गाळायचा, क्षणभर जास्त थांबून बघायचं. गाव दरवेळी नवं असल्यानं आयटम शिळा होत नसे. त्याच गावात परत जायला वर्ष उलटायचं, तोवर लोकांनाही तो पुन्हा बघायची ओढ लागलेली असे. जो स्मिथ आणि चार्ली डेल या जोडीनं डॉक्टर आणि रोग्याचा त्यांचा प्रवेश दशकानुदशकं केला. १८९८ मध्ये जमलेली ही जोडी डेल १९७१ मध्ये गेला तेव्हाच फुटली.

जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांची गोष्टही अशीच. १९२० च्या दशकात दोघं एकत्र आले तेव्हा विनोद बर्न्सच्या तोंडी होते आणि ग्रेसीनं नुसते प्रश्न विचारायचे होते. लोक हसले ते तिच्या प्रश्नांना. बर्न्सच्या विनोदांवर शांतता. त्यानं लगेच संहिता उलटी केली: विनोद तिला दिले, प्रश्न स्वतःकडे घेतले. प्रेक्षक काय सांगताहेत हे कान देऊन ऐकणं आणि अहंकार विंगेत ठेवून येणं, हा या धंद्याचा पहिला धडा होता.

हूडिनीची सुरुवात कशी झाली?

बुडापेस्टला जन्मलेला एरिक वाइस, म्हणजेच पुढे हूडिनी या नावानं गाजलेला जादूगार, कित्येक वर्षं स्वस्त संग्रहालयांमध्ये दिवसाला अनेक खेळ करत होता. पत्त्यांची जादू, पेटीची जादू, बेड्या, सगळं थोडं थोडं. १८९९ मध्ये ऑर्फियम या थिएटरांच्या साखळीच्या मार्टिन बेकनं त्याला मिनेसोटात पाहिलं आणि सांगितलं, किरकोळ जादू सोड, बेड्या आणि सुटका तेवढी ठेव. वर्षभरात तो युरोपात गाजत होता.

कार्यक्रमात कोणता आयटम कुठे हे कोण ठरवायचं? त्याचं एवढं महत्त्व का?

ठरवायचा मॅनेजर. महत्त्व याचं की जागेवरून तुमची पत कळायची.

पहिला आयटम बिनशब्दांचा, म्हणजे कसरत, सायकलवरच्या करामती, जनावरं. लोक अजून खुर्च्या शोधत असत, कोट काढत असत. त्या गडबडीत बोलणाऱ्याचं बोलणं वाया गेलं असतं. दुसरी जागा नवख्या गायक-नर्तकांची. मध्यंतराच्या आधी एक दमदार आयटम. सगळ्यात मानाची जागा शेवटून दुसरी, तिथे मुख्य आकर्षण. आणि शेवटी पुन्हा कसरत किंवा तसलंच काहीतरी, कारण लोक उठायला लागलेले असत. शेवटच्या जागेवरच्या माणसाला प्रेक्षकांची तोंडं दिसायची नाहीत, दाराकडे निघालेल्या डोक्यांची मागची बाजू दिसायची. वीस वर्षं ट्रपीझवर जीव टांगणाऱ्या कितीतरी माणसांनी हेच पाहिलं.

एक तांत्रिक कारणही होतं. काही आयटम पुढच्या पडद्यासमोरच्या चिंचोळ्या पट्टीत होत. तेवढ्यात पडद्यामागे पुढच्या आयटमचं नेपथ्य लागत असे. त्यामुळे दोघांची बोलाचाली असलेली जोडी मॅनेजरला सोन्यासारखी. तिला पडदा आणि उजेड सोडून काहीच लागत नाही.

कलाकाराचा आठवडा कसा जायचा?

रविवारी रात्री शेवटचा खेळ, सामान बांधणं, गाडी पकडणं. सोमवारी सकाळी नवं गाव, स्टेशनवरून थेट थिएटर.

सोमवारची तालीम मला फार जिवंत वाटते. प्रत्येक कलाकार आपल्या गाण्या-वाजवण्याची नोटेशनची बाडं घेऊन येई आणि रंगमंचाच्या कडेला, फूटलाइटांपाशी एका रांगेत ठेवी. ज्याचं बाड पहिलं, त्याची तालीम पहिली. दोघांचं गाणं एकच निघालं तर ज्याचं बाड आधी पडलंय त्यानं ते गायचं, दुसऱ्यानं आयत्या वेळी दुसरं काहीतरी काढायचं. म्हणून रात्रभर गाडीत बसून आलेली माणसं न्याहारी न करता थिएटरकडे धावत. बाडं बोटांनी काळी झालेली, कडा फाटलेल्या, चिकटपट्टीनं सांधलेल्या. प्रत्येक गावचे वादक आपल्या सोयीची खूण पेन्सिलीनं करून ठेवत.

दुपारी पहिला खेळ. तो संपला की मॅनेजर बसून वरच्या कचेरीला अहवाल लिहायचा: अमुक आयटम इतकी मिनिटं, टाळ्या बऱ्या, गाणं दुसरं गाळायला सांगितलं. हे कागद पुढच्या गावच्या मॅनेजरपर्यंत जात. करारात अशीही कलमं असत की पहिल्याच खेळानंतर तुम्हाला काढून टाकता येई. म्हणजे सोमवारी दुपारी प्रवासखर्च अंगावर, आणि आठवडा रिकामा.

बड्या साखळीत दिवसाला दोन खेळ. छोट्या थिएटरांत तीन, चार, कधी त्याहून जास्त. मुक्काम कलाकारांना घेणाऱ्या खानावळवजा बिऱ्हाडांत, कारण बरीच हॉटेलं ‘नाटकवाल्यां’ना दारात उभं करत नसत. ही तऱ्हा आपल्याकडच्या फिरत्या मंडळींना नव्यानं सांगायला नको. पत्रं कुठे पाठवायची हा प्रश्नही मोठा होता. ‘बिलबोर्ड’ हे साप्ताहिक कलाकारांची पत्रं सांभाळून पुढच्या गावी धाडण्याची सेवा देत असे.

पैसे चांगले मिळायचे का?

थोड्यांना प्रचंड. ईव्हा टँगवे ही गायिका १९१० च्या सुमारास आठवड्याला ३५०० डॉलरपर्यंत घेत असे. तिचा आवाज काही खास नव्हता. खास होता तिचा बेदरकारपणा. एकदा ती नाण्यांनी मढवलेला पोशाख घालून आली होती.

बाकीच्यांचा हिशेब वेगळा. समजा एका जोडीची बिदागी आठवड्याला शंभर डॉलर ठरली. ५ टक्के बुकिंग कचेरीचे, ५ टक्के दलालाचे. रेल्वेभाडं स्वतःचं, ट्रंकांची हमाली स्वतःची, पोशाख स्वतःचे, गाण्याच्या वाद्यवृंदाच्या प्रती लिहून घेण्याचा खर्च स्वतःचा. उरेल त्यात दोघांचं राहणं-खाणं. आणि वर्षाचे सगळे आठवडे कामाचे नसतच. उन्हाळ्यात बरीच थिएटरं बंद. जाहिरातीतला आकडा बघून या लोकांना श्रीमंत समजणं ही फार मोठी चूक आहे.

दलाल आणि मालकांविरुद्ध कोणी आवाज उठवला नाही का?

उठवला, दोनदा, आणि दोन्हीदा हरले.

जॉर्ज फुलर गोल्डन या विनोदी कलाकारानं १९०० मध्ये ‘व्हाइट रॅट्स’ ही संघटना काढली. त्याला अडचणीच्या काळात लंडनच्या ‘वॉटर रॅट्स’ मंडळानं मदत केली होती, त्यावरून नाव घेतलं. शिवाय इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की ‘स्टार’ होतं. १९०१ मध्ये ५ टक्के कमिशनविरुद्ध त्यांनी संप केला. मालकांनी वेळ मारून नेली आणि संप विरला. एक गोष्ट मला खटकते, ती लपवत नाही: सुरुवातीला या संघटनेत स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय कलाकारांना जागाच नव्हती. ज्यांना सगळ्यात कमी मिळत होतं तेच बाहेर.

१९०६ मध्ये कीथ-आल्बींनी ‘युनायटेड बुकिंग ऑफिस’ काढलं. पूर्वेकडच्या बड्या थिएटरांचं काम या एका कचेरीतून मिळायचं. म्हणजे काम देणारा मालकही तेच आणि काम मिळवून दिल्याबद्दल कमिशन घेणारेही तेच. कोणी दुसऱ्या साखळीत काम केलं की नाव काळ्या यादीत. १९१६-१७ मध्ये पुन्हा संप झाला तेव्हा आल्बीनं स्वतःचीच एक कलाकार संघटना उभी केली, तिचं सदस्यत्व असेल तरच काम, असा दंडक घातला आणि व्हाइट रॅट्स मोडून काढली. संघराज्याच्या व्यापार आयोगानं यावर चौकशी चालवली, कलाकारांच्या साक्षी झाल्या, आणि १९२० मध्ये प्रकरण निकालात काढलं. मालकांना काही झालं नाही.

लहान मुलं खरंच कामाला असत?

असत. बस्टर कीटन हे सगळ्यात गाजलेलं उदाहरण. आईवडील फिरते कलाकार, जन्म १८९५ चा, कॅन्ससमधल्या पिकवा या खेड्यात. चार-पाच वर्षांचा असताना तो रंगमंचावर आला. बाप त्याला नेपथ्यावर, वाद्यवृंदाच्या खड्ड्यात, प्रसंगी विंगेत फेकून द्यायचा. फेकायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली होती. न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या संरक्षणासाठी असलेल्या संस्थेचे लोक मागे लागले. मुलाचे कपडे उतरवून वळ, जखमा तपासल्या गेल्या. कीटन पुढे सांगायचा की त्याला कधी लागलं नाही, पडायचं कसं ते तो शिकला होता. आपण हसलो की लोक हसत नाहीत, हेही त्याला तिथेच कळलं आणि तो न हसणारा चेहरा आयुष्यभर टिकला.

त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. पण बाप पुढे दारूत बुडाला, त्याच्या हातून फेकलं जाणं धोक्याचं झालं आणि १९१७ मध्ये आयटम मोडला, हेही सोबत लक्षात ठेवावं.

कृष्णवर्णीय कलाकारांना कशी वागणूक मिळे?

वाईट. गोऱ्या माणसांनी तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टर उडवायची हा तिथला लाडका प्रकार होता. त्याहून क्रूर गोष्ट म्हणजे कृष्णवर्णीय कलाकारालाही तीच काजळी फासून यावं लागे.

बर्ट विल्यम्स बहामातल्या नासाऊचा. जन्म १८७४ चा. वाचनवेडा, मितभाषी माणूस. जॉर्ज वॉकरबरोबर त्यानं जोडी जमवली आणि काजळी फासूनच तो देशातल्या सगळ्यात मोठ्या विनोदी नटांपैकी एक झाला. १९१० मध्ये त्याला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यवस्तीत, झीगफेल्ड या निर्मात्याच्या बड्या कार्यक्रमात घेतलं तेव्हा काही गोऱ्या कलाकारांनी सोडून जाण्याची धमकी दिली होती. रात्री ज्याच्यासाठी अख्खं थिएटर टाळ्या वाजवायचं, त्याला हॉटेलात मालाच्या लिफ्टनं वर जावं लागे. त्यानं एकदा लिहिलं होतं की कृष्णवर्णीय असण्यात लाजिरवाणं काही आहे असं मला कधी आढळलं नाही, अमेरिकेत ते गैरसोयीचं मात्र बऱ्याचदा वाटलं. फेब्रुवारी १९२२ मध्ये डेट्रॉइटला खेळ चालू असताना तो कोसळला. लोकांना तो विनोदाचाच भाग वाटला. ४ मार्चला तो गेला.

नर्तक बिल रॉबिन्सननं काजळी लावायचं नाकारलं. कृष्णवर्णीय माणसानं रंगमंचावर एकट्यानं उभं राहायचं नाही असा अलिखित नियम होता, म्हणून त्याची पहिली वर्षं जोडीदाराबरोबर गेली. मग तो एकटा उभा राहिला. त्याच्या जिन्यावरच्या नाचाचं जुनं चित्रीकरण मी अनेकदा पाहिलंय. दोन्ही बाजूंनी चढता येईल असा छोटासा लाकडी जिना, बुटांना लाकडी तळवे. तो टाचा टेकवत नाही, चवड्यांवर चढतो. प्रत्येक पायरीचा आवाज निराळा. वर जाताना एक बोल, उतरताना त्याचाच पलटा. कमरेच्या वर माणूस जवळजवळ स्थिर आहे, हात सैल, चेहऱ्यावर शांत हसू. तबल्याचा कायदा ऐकणाऱ्या कानाला हे लगेच कळतं.

दक्षिणेत आणि आजूबाजूला कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी १९२० पासून ‘टोबा’ ही वेगळी साखळी होती. मा रेनी, बेसी स्मिथ, एथेल वॉटर्स या गायिका तिथल्याच. पैसे तुटपुंजे, ड्रेसिंग रूमची वानवा आणि राहायला जागा मिळण्याची खात्री नाही. पण काजळी फासलेल्या गोऱ्यासारखं दिसण्याची सक्ती नसल्यानं ब्लूज हा कृष्णवर्णीयांचा गाण्याचा प्रकार तिथे मोकळेपणी वाढला.

स्त्रियांसाठी हा धंदा कसा होता?

स्वतःचा पैसा कमावायची वाट त्या काळी बाईला फार थोड्या ठिकाणी उघडी होती, त्यातली ही एक. त्याची किंमतही होती. सोफी टकरला सुरुवातीला सांगितलं गेलं की तुझं रूप आणि देह लोकांना आवडायचा नाही, काजळी लाव. एका गावी तिचं रंगाचं सामान वेळेवर पोचलंच नाही, ती तशीच उभी राहून गायली, आणि लोकांनी डोक्यावर घेतली. तिनं काजळी कायमची सोडली. एडा ओव्हरटन वॉकर ही नर्तकी टकरहून थोर, असं माझं मत. नवरा जॉर्ज वॉकर आजारी पडला तेव्हा त्याचा पोशाख घालून तिनं त्याची भूमिका केली.

प्रेक्षक खरंच टोमॅटो फेकायचे?

आयोवाच्या चेरी भगिनींवर फेकायचे. त्यांचा कार्यक्रम इतका वाईट असे की लोक वाईट बघायलाच यायचे. १८९६ मध्ये ऑस्कर हॅमरस्टीननं त्यांना मुद्दाम ब्रॉडवेवर आणलं आणि थिएटर भरलं. एका वृत्तपत्रानं त्यांच्यावर जहरी परीक्षण छापल्यावर त्या कोर्टात गेल्या. १९०१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की जाहीर कार्यक्रमावर कितीही कडक टीका करायचा हक्क आहे. अमेरिकेत तो निकाल अजूनही महत्त्वाचा मानतात. मला त्या बहिणींबद्दल वाईट वाटतं. आपल्याला हसताहेत हे शेवटपर्यंत त्यांना मान्य नव्हतं.

आजारपण, म्हातारपण आलं की काय?

गाडीतली थंडी, दमट ड्रेसिंग रूम आणि गर्दी यामुळे क्षय फार. न्यूयॉर्कच्या उत्तरेला डोंगरातलं सारानाक लेक हे गाव क्षयरोग्यांसाठी प्रसिद्ध होतं. कलाकारांसाठी तिथे १९२९ मध्ये स्वतंत्र आरोग्यधाम सुरू झालं. ते बांधलं आल्बीच्या त्याच मालकधार्जिण्या संघटनेनं. ज्या हातानं कमिशन कापलं त्याच हातानं खाटही दिली, आणि त्या खाटेवर बरीच माणसं बरी झाली. दोन्ही खरं आहे.

ज्यांनी पैसा राखला नाही त्यांचे हाल झाले. ईव्हा टँगवेचे पैसे १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत गेले. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला ती गेली तेव्हा हातात फारसं काही नव्हतं.

मुंबईशी याचा काही संबंध आहे का?

आहे, रूथ सेंट डेनिसच्या निमित्तानं. व्हॉडव्हिलमध्ये नाचणाऱ्या या बाईनं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर भारतीय लोकांचं एक प्रदर्शन पाहिलं आणि १९०६ मध्ये ‘राधा’ नावाचं नृत्य बसवलं. त्याचे सुरुवातीचे प्रयोग व्हॉडव्हिलच्या थिएटरात, इतर आयटमच्या रांगेत झाले. त्यात कृष्णाची राधा कुठेच नाही, सगळा कल्पनेतला पूर्व. भारत तिनं तोवर पाहिलाही नव्हता. नवरा टेड शॉन याच्याबरोबर काढलेली तिची मंडळी १९२५-२६ च्या आशिया दौऱ्यात भारतात आली आणि मुंबईतही त्यांचे खेळ झाले. वीस वर्षं मनानं रचलेला देश तिनं तेव्हा प्रत्यक्ष पाहिला.

‘पॅलेस’चं एवढं कौतुक का?

ब्रॉडवेवर सत्तेचाळिसाव्या रस्त्याजवळचं हे थिएटर २४ मार्च १९१३ रोजी उघडलं. ‘मी पॅलेसला केलंय’ एवढं वाक्य कुठल्याही गावी पुरे व्हायचं. सुरुवातीचे आठवडे मात्र पडेल गेले. मे महिन्यात सारा बर्नहार्ट ही विख्यात फ्रेंच अभिनेत्री आली आणि थिएटर सावरलं. समोरच्या फुटपाथला ‘पॅलेस बीच’ म्हणत. काम नसलेले कलाकार तिथे ठेवणीतला सूट घालून उभे राहायचे, दलाल जाता-येता दिसेल या आशेनं.

मग हे सगळं संपलं कसं?

ज्या सिनेमानं ते संपवलं तो व्हॉडव्हिलमध्येच एक आयटम म्हणून आला होता. एप्रिल १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉस्टर अँड बायल म्युझिक हॉलमध्ये एडिसनच्या यंत्रावर हलती चित्रं दाखवली गेली, बाकीच्या आयटमांच्या मध्ये. पुढे सिनेमा मोठा होत गेला, आयटम कमी होत गेले. १९२७ नंतर बोलपट, घरोघरी रेडिओ, मग मंदी. १९२८ मध्ये कीथ-आल्बी-ऑर्फियमची थिएटरं आरकेओ या चित्रपट कंपनीत गेली, आणि १९३२ मध्ये पॅलेसनंही सिनेमा लावला.

कलाकाराच्या बाजूनं बघा. वीस वर्षं गावोगाव पुरवलेली बारा मिनिटं कॅमेऱ्यासमोर एकदा केली, की आठवड्याभरात सगळ्या देशानं पाहिली. मग? नवी बारा मिनिटं घडवायला दुसरी वीस वर्षं कुठून आणायची? बर्न्स आणि ॲलन, जॅक बेनी, डब्ल्यू. सी. फील्ड्स, मार्क्स बंधू या विनोदी कलाकारांना नवं माध्यम उमगलं. कसरतवाले, कुत्रेवाले, जगलर यांना रेडिओवर काय करता येणार होतं?

आज हे कुठे बघता-वाचता येईल?

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं या काळातल्या संहिता, पत्रकं, ध्वनिमुद्रणं, चित्रफिती जपून खुल्या केल्या आहेत. कीथच्या मॅनेजरांचे ते सोमवारचे अहवाल आयोवा विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. माझं सांगणं ऐकाल तर अहवालांपासून सुरुवात करा. एकेका आयटमवर तीन-चार ओळी. आपलं बाड घेऊन पहाटे स्टेशनवर उतरलेल्या माणसाबद्दल लिहून ठेवलेलं बऱ्याचदा तेवढंच असतं.